टिक्क्याचा कस पावसाळ्यात

यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड-महागावकडे, इसापूर धरणाचं पाणी पोचतं त्या वावरांत उन्हाळी भुईमूग दिसतो. मे महिन्यात उपटलेली झाडं बुडापर्यंत हिरवी असली की शेतकरी खुशीत म्हणतो, 'या वाणावर टिक्का येतच नाही.' मला हे बोलणं घाईचं वाटतं. कारण त्या हंगामात टिक्क्याला हवं ते मिळालेलंच नसतं.

टिक्का म्हणजे पानावरचे डाग. ते पाडणाऱ्या बुरश्या दोन. पहिली पेरणीनंतर महिनाभरात दिसू लागते: तांबूस-तपकिरी डाग, भोवती पिवळं वलय. दुसरी साधारण ५५-६० दिवसांनी येते. तिचे डाग लहान, गोल, काळे. पान उलटून बोट फिरवलं तर डाग खरखरीत लागतो. तिथेच बीजाणू तयार होतात. डागांऐवजी नारिंगी पुटकुळ्या असतील तर तो तांबेरा, वेगळा रोग. दोन्ही टिक्के मागच्या हंगामाच्या पालापाचोळ्यात आणि आपोआप उगवलेल्या झाडांवर तग धरतात, मग वारा आणि पावसाचे शिंतोडे त्यांना वर पोचवतात. बीजाणू रुजायला पान तासन् तास ओलं राहावं लागतं आणि तापमान २५ ते ३० अंशांच्या आसपास लागतं. यवतमाळच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ते जमत नाही. ऑगस्टच्या झडीत मात्र सहज जमतं.

रोग पानावर आणि शेंग जमिनीत, मग नुकसान होतं कसं? फुलातून निघालेली आरी मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. दाणा भरतो तो पानांनी बनवलेल्या अन्नावर. टिक्क्याने खालून वर पानगळ सुरू झाली की नेमक्या दाणे भरायच्या वेळी हा पुरवठा तुटतो. शेंगा धरलेल्या असल्या तरी दाणा सुरकुतलेला आणि वजन हलकं. रोग जबर असेल तर निम्मं उत्पन्न जातं. जनावरांचा पालाही जातो.

आता वाणांकडे येऊ. टीएजी-२४ मधला 'टी' ट्रॉम्बेचा, 'ए' अकोल्याचा. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा हा वाण १९९१ मधला. बुटका, लवकर येणारा, झाडाच्या मानाने शेंगा भरपूर देणारा, म्हणून उन्हाळ्यात तो शोभतो. पण टिक्क्याला तो बळी पडतो. उलट धारवाडचा जीपीबीडी-४ उशिरा येणारा टिक्का आणि तांबेरा दोन्हींना सहसा दाद देत नाही. ही ताकद त्याच्याकडे दक्षिण अमेरिकेतल्या एका रानटी भुईमुगाकडून आली. पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने जीपीबीडी-४ मधला प्रतिकार टीएजी-२४ आणि जळगावच्या जेएल-२४ मध्ये उतरवायचं काम हाती घेतलं. ज्या यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये कपाशीवरच्या फवारणीतून झालेली विषबाधा आणि मृत्यू पाहिले, तिथे एक फवारणी वाचवणारा वाण ही लहान गोष्ट नाही.

वाण तपासण्याची रीत साधी, पण चिकाटीची. चाचणीच्या ओळींमध्ये मुद्दाम रोगाला बळी पडणारा वाण पेरतात, म्हणजे सगळ्यांना रोगाचा मारा सारखा बसतो. मग पानांना १ ते ९ गुण देतात: १ म्हणजे निरोगी, ९ म्हणजे जवळपास सगळं गेलं. पण तेवढ्यावर थांबलं तर फसगत होते. हिरवा राहणारा वाण उशिरा पक्व होणारा असू शकतो, त्यामुळे शेंगांचं वजन आणि शंभर दाण्यांचं वजनही सोबत लागतं. घरी करायचं तर खरिपात दोन वाणांच्या शेजारी-शेजारी चार-चार ओळी पुरेत. अर्ध्या ओळींवर बुरशीनाशक फवारा, अर्ध्या तशाच ठेवा. फवारलेल्या आणि न फवारलेल्या ओळींच्या शेंगांमधली तफावत ज्याची कमी, तो वाण टिक्का सोसतो.

एक अडचण मात्र उरते. पानं गळाली म्हणून पीक तयार झालं, असं समजून लोक उपटणी सुरू करतात. आधी चार शेंगा फोडून टरफलाची आतली बाजू पाहावी. पांढरी असेल तर दाणा कोवळा, काळसर असेल तर पक्व. पण थांबायचं तरी किती? टिक्क्याने दमलेल्या झाडाच्या आऱ्या कमजोर होतात, आणि उपटताना झाड हातात येतं, शेंगा मातीतच राहतात. मग त्या शेंगा सरवा वेचणाऱ्यांच्या वाट्याला.