गोळी सुटण्याआधी हात का दचकतो?

खडकवासल्याहून बालेवाडीच्या रेंजवर सरावाला जाणाऱ्या नव्या पिस्तूल नेमबाजांनो, हे तुमच्यासाठी.

उजव्या हाताने मारताना गोळ्या सतत खाली-डावीकडे लागत असतील, तर लगेच साइट फिरवू नका. बहुतेकदा कारण दचकणं असतं. आवाज आणि धक्का येणार हे मेंदूला ठाऊक असतं, म्हणून गोळी सुटण्याच्या क्षणभर आधी मूठ आवळते, मनगट झुकतं. हाताला धक्का जाणवेपर्यंत गोळी नळीबाहेर गेलेली असते. नेम बिघडवते ती धक्क्याची धास्ती.

प्रशिक्षकाला मॅगझिनमध्ये तुमच्या नकळत एखादं डमी काडतूस भरायला सांगा. त्यावर चाप ओढताना नळी खाली गेली, की चोर सापडला! माझ्या मते याहून खरी परीक्षा नाही. मग रिकाम्या पिस्तुलाचा सराव: शस्त्र दोनदा तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, चाप सावकाश, सारख्या दाबाने मागे घ्या. रेंजवर इअरप्लगवर इअरमफही घाला. आवाज कमी, तशी धास्तीही कमी.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. त्या प्रकाराच्या रॅपिड टप्प्यात प्रत्येक गोळीला फक्त ३ सेकंद मिळतात. एवढ्यात चाप न झटकता दाबणं ही सरावाचीच कमाई. पुढच्या सरावात डमी काडतुसं नक्की मागून घ्या.