काळ्या स्क्रीनच्या आत अक्षरे होती

गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. आमची मोठी मुलगी मराठी टायपिंगच्या ३० शब्दांच्या परीक्षेची तयारी करत होती. क्लास भंडाऱ्याला. तिथे सरावाला मिळायचा जेमतेम तास, बाकीचा सराव अड्याळला घरच्या जुन्या संगणकावर. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि एका संध्याकाळी मॉनिटर दोन सेकंद उजळून काळा झाला. बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच.

घरात चर्चा सुरू झाली. नवा घ्यायचा तर महिनाअखेरीला धाकट्याच्या फीच्या पैशांना हात लावावा लागणार. दारावर आलेला भंगारवाला शंभर रुपये द्यायला तयार होता. दादी म्हणाल्या, "देऊन टाका. इतके दिवस शिकलीच आहे ना पोरगी!" मुलगी काहीच बोलली नाही. तिचा तो गप्प चेहरा पाहून आम्ही भंगारवाल्याला सांगितले, "दोन दिवस थांबा."

वर्गात एखादे मूल उत्तर देत नसेल, तर त्याला येत नाही असे आपण लगेच ठरवत नाही. प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचला का, हे आधी पाहतो. मॉनिटरचेही तसेच आहे. बिघाड शोधताना बाहेरून आत यावे.

मॉनिटरला दोन वायरी असतात. एक विजेची, दुसरी संगणकाकडून चित्र आणणारी. बटणाजवळचा बारीक दिवा लागतच नसेल, तर आधी विजेची वायर आणि सॉकेट बदलून पाहावे. दिवा लागतो पण चित्र नाही, असे असेल तर मॉनिटर चालू ठेवून चित्राची वायर संगणकाच्या बाजूने काढावी. स्क्रीनवर 'सिग्नल नाही' अशा अर्थाची पाटी उमटली, तर मॉनिटर बहुधा ठीक आहे. दोष संगणकात किंवा वायरीत शोधावा.

रंग बिघडले तरी घाबरू नये. जुन्या निळ्या तोंडाच्या व्हीजीए वायरीत १५ पिनांची जागा असते. त्यातल्या पहिल्या तीन पिना लाल, हिरवा आणि निळा रंग आणतात. निळ्याची पिन वाकली तर सारे पिवळट दिसते, हिरव्याची वाकली तर जांभळट-गुलाबी. पुष्कळदा वायर नीट बसवून दोन्ही स्क्रू आवळले की काम होते.

आमच्याकडे वायरी ठीक होत्या. मग टॉर्चची परीक्षा केली. एलसीडी मॉनिटरचे चित्र स्वतः उजेड देत नाही. त्याच्या मागे दिवे असतात, जुन्या मॉनिटरमध्ये बारीक नळ्यांचे. ते विझले तर चित्र असूनही दिसत नाही. खोलीत अंधार केला, मॉनिटर चालू केला आणि मुलीने मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरला. क्षणभर शांतता. मग ती ओरडलीच, "अब्बा, अक्षरं आहेत! माझा कालचा उतारा दिसतोय!"

म्हणजे चित्र शाबूत होते, मागचा उजेड गेला होता. दोन सेकंद उजळून काळे होणे ही त्याचीच खूण. दिव्यांना वीज पुरवणाऱ्या भागात गडबड झाली की मॉनिटर स्वतःच दिवे बंद करतो. दिवा नुसता लुकलुकणे किंवा स्क्रीन तापल्याशिवाय न उजळणे, अशा तक्रारींमागेही बहुतेक वेळा वीजपुरवठ्याची पट्टीच असते. मात्र स्क्रीनवर उभ्या रेघा पडल्या किंवा काच तडकली, तर दोष पॅनेलचा. तिथे सहसा पैसे घालू नयेत.

इथपर्यंत घरचे काम. पुढे पेचकस हाती घेऊ नये, हे मुलांना बजावून सांगावे. प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. जुन्या पेटीसारख्या मॉनिटरच्या काचेच्या नळीत तर २० हजार व्होल्टच्या पुढचा दाब असतो.

दुसऱ्या दिवशी मॉनिटर घेऊन आम्ही भंडाऱ्यात टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. मुलगी सोबत होती. तिनेच सांगितले, "चाचा, चित्र आहे, मागचा उजेड जातो." त्यांनी झाकण उघडले, साठलेली वीज उतरवली आणि पट्टीवरचे दोन कपॅसिटर दाखवले. बाकीच्यांची डोकी सपाट होती, या दोघांची फुगलेली. कपॅसिटर वीज साठवून ती सारखी करून देतो. त्याच्या आतला द्राव उष्णतेने वाळत जातो. तापमान साधारण १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा कारागिरांचा हिशेब आहे. नवा बसवताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा, व्होल्टचा तेवढाच किंवा जास्त, आणि १०५ अंशांचा असेल तर उत्तम. उणे-अधिक बाजू उलटी झाली तर तो फुटतो.

तासाभरात स्क्रीन उजळली. मजुरीसह दोनशे रुपये लागले. निघताना कारागिराने विचारले, "याच्या डोक्यावर काही झाकून ठेवता का?" आम्ही आणि मुलगी एकमेकांकडे पाहू लागलो. दादींनी स्वतः विणलेले क्रोशाचे कव्हर वर्षभर मॉनिटरवर होते, चालू असतानाही. मागच्या झडपा त्याखाली बंद. त्यात आमच्याकडचा मे महिना, पारा ४५ अंशांना टेकणारा!

दुरुस्ती खरोखर परवडणारी नसेल, तर मॉनिटर फोडू किंवा जाळू मात्र नये. दिव्याच्या नळ्यांमध्ये पारा असतो, जुन्या पेटीवाल्यांच्या काचेत शिसे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. असा माल नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवा.

पण त्याआधी एकदा टॉर्च लावून पाहावे. बिघाड नेमका सांगता आला की कारागिराचा वेळ वाचतो, आपले पैसे वाचतात आणि कोणी नाहक नवे घ्यायला लावत नाही.

कव्हरबद्दल दादींना कसे सांगावे, हा प्रश्न होता. मुलीनेच सांगितले. दादी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग उठून स्वतःच कव्हर काढून घडी घातली. आता रात्री नातीचा सराव संपला की त्या मॉनिटरला हात लावून पाहतात. थंड झाला असेल तरच कव्हर चढवतात.