मिल्ट्रीवाला ऑफिसात येतो तेव्हा

माजी सैनिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोनच माणसं येतात. एक, पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनासाठी बोलावलेला, छातीवर पदकं लावलेला पाहुणा. दुसरा, सोसायटीच्या गेटवर रजिस्टर घेऊन बसलेला वॉचमन. एकाला आपण सॅल्यूट ठोकतो, दुसऱ्याला पार्सल घ्यायला सांगतो. शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी म्हणून मात्र तो क्वचितच सुचतो. म्हणूनच तो नोकरी मागायला आला की काही समज त्याच्याआधी केबिनमध्ये पोचलेले असतात.

“रिटायर झाला, म्हणजे वय झालं.”

लष्कराला शिपाई तरुण लागतात. अठरा-एकोणीसच्या वयात भरती झालेला जवान साधारण १५ ते २० वर्षं नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीवर येतो. मुलं शाळेत असतात, गावाकडच्या घराचा स्लॅब पडायचा असतो. सुभेदार किंवा सुभेदार मेजर झालेले जास्त वर्षं थांबतात, पण तिथवर पोचणारे थोडे. आता तर २०२२च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षं पुरी करून बाहेर पडणारे अग्निवीर पंचविशीच्या आसपासचे असतील. त्यांतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांनाच पुढे कायम केलं जाणार आहे.

“फौजी म्हणजे बंदूक. ऑफिसात त्याचा काय उपयोग?”

सगळ्यांत जास्त नुकसान या समजाने केलं आहे. फौजेत प्रत्येकाची एक ‘ट्रेड’ असते. ईएमईचा (लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेचा) जवान गाड्या, रणगाडे, रडार दुरुस्त करतो. सिग्नल्सवाला डोंगरमाथ्यावर दळणवळण चालू ठेवतो. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये घडलेला माणूस पूल बांधतो, रस्ता काढतो. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकलेल्या नौसैनिकाच्या हातात युद्धनौकेचं इंजिन असतं. शिवाय स्टोअरकीपर, क्लार्क, नर्सिंग असिस्टंट, ड्रायव्हर, स्वयंपाकी. स्टोअरकीपरने हजारो सुट्या भागांचा हिशेब ठेवलेला असतो आणि एक नग कमी भरला तर त्याचं उत्तर त्यालाच द्यावं लागतं. गोदामाच्या मालकाला याहून वेगळं काय हवं असतं?

घोळ होतो तो मुलाखतीत. “तिकडे काय करायचात?” असं विचारलं की तो सांगतो, “ड्यूटी करत होतो, सर.” स्वतःची टिमकी वाजवायची सवय नाही, ‘मी’ म्हणायच्या जागी ‘आम्ही’ येतं. समोरच्यालाही हवालदार आणि नायब सुभेदार यांतला फरक ठाऊक नसतो. मग ‘सिक्युरिटीत बघू’ असं होऊन प्रकरण मिटतं. खरं तर त्याच्या डिस्चार्ज बुकात ट्रेड, शिक्षण आणि वर्तणुकीचा शेरा असं सगळं लिहिलेलं असतं. ते उघडून बघण्याची तसदी फारसं कुणी घेत नाही.

“हुकूम मिळाल्याशिवाय हलणार नाही.”

पायदळाचा सेक्शन साधारण दहा जणांचा, आणि त्याचं नेतृत्व बहुतेकदा हवालदाराकडे. गस्तीवर गेल्यावर तिथल्या तिथे निर्णय त्यालाच घ्यावा लागतो. मोहिमेआधीच्या ब्रीफिंगचा शेवट शंका विचारून होतो. काम नीट कळल्याशिवाय कुणी उठत नाही.

खरी अडचण वेगळीच असते. आपल्या ऑफिसांत ‘बघू’, ‘जमलं तर करा’, ‘शुक्रवारपर्यंत झालं तर बरं’ अशी भाषा चालते. शुक्रवार म्हणजे शुक्रवार असं धरून तो काम संपवतो आणि बाकीचे सोमवारी उगवतात. तो वैतागतो, लोक त्याला ताठर म्हणतात. माझ्या मते इथे बदलायची गरज दोघांनाही आहे, पण जास्त ऑफिसालाच.

तरुण मॅनेजरचं तो ऐकणार नाही, ही भीती मात्र अगदीच निराधार. फौजेत तेवीस-चोवीस वर्षांचा लेफ्टनंट हुकूम देतो आणि त्याच्या वडिलांच्या वयाचा सुभेदार ‘साहब’ म्हणून तो पाळतो. वेळ पडली तर त्याच लेफ्टनंटला बाजूला घेऊन चार गोष्टी समजावूनही सांगतो.

“पेन्शन आहेच, कमी पगारात येईल.”

पेन्शन ही झालेल्या सेवेची कमाई आहे, पुढच्या कामावरची सूट नव्हे. अधिकाऱ्यांच्या हुद्द्याखालचा माजी सैनिक केंद्र सरकारच्या नोकरीत पुन्हा लागला, तर पगार ठरवताना त्याचं पूर्ण पेन्शन बाजूला ठेवतात. खाजगी मालकाने त्यावर डोळा ठेवायचं कारण नाही. शिवाय सगळ्यांना पेन्शन असतंच असंही नाही. शॉर्ट सर्व्हिस कमिशनचे अधिकारी दहा किंवा चौदा वर्षांनी पेन्शनविना बाहेर पडतात. अग्निवीरांना एकरकमी सेवानिधी मिळतो, पेन्शन नाही.

“त्यांना सरकारी राखीव जागा आहेत की!”

आहेत. केंद्राच्या गट ‘क’मध्ये १० टक्के, महाराष्ट्रात १५ टक्के समांतर आरक्षण. पंधरा वर्षं सेवा झालेल्या दहावी पास जवानाला केंद्रातल्या पदवीची अट असलेल्या गट ‘क’च्या बिगरतांत्रिक जागांसाठीही पात्र धरतात. पण कागदावरचा कोटा आणि प्रत्यक्ष भरती यांत मोठं अंतर आहे. शिवाय तिन्ही दलांतून दरवर्षी हजारोंच्या संख्येने माणसं निवृत्त होतात. एवढ्यांना पुरतील इतक्या सरकारी खुर्च्या नाहीत.

“युद्ध बघितलेली माणसं, डोकं कधी फिरेल सांगता येत नाही.”

हे सिनेमातून आलेलं. प्रत्येक जवान लढाईत गेलेला नसतो, आणि गेलेल्यांतलेही बहुतेक जण रोज डबा घेऊन कामावर जातात. आघाताचा मानसिक त्रास काहींना होतो. तसा तो मोठ्या अपघातातून वाचलेल्या कारकुनालाही होतो, आणि त्यावर उपचार आहेत. कँटीनमध्ये “किती जणांना उडवलंत?” असं विचारणारा सहकारी मात्र कुठल्याही औषधाने बरा होत नाही.

माणसं घेणाऱ्या कंपन्यांना, कारखान्यांना आणि दवाखान्यांना एवढंच सांगणं आहे : जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोकरी शोधणाऱ्या माजी सैनिकांची नोंद असते. तिथे फोन करून नुसतं ‘गार्ड पाहिजे’ म्हणू नका. मेकॅनिक, स्टोअरकीपर की नर्सिंग असिस्टंट, तुम्हाला नेमकं कोण हवं ते सांगा. आणि माणूस समोर आला की आधी त्याला त्याची ट्रेड विचारा.