तालुका म्हणजे नेमका केवढा? खुटबावमधून दौंड मोजताना

भूगोल म्हटलं की काही जण लगेच पुढचा भाग लावतात, म्हणून आधीच एक आकडा सांगून टाकते. रशियात, सैबेरियात, इव्हेंकीस्की नावाचा एक विभाग आहे. कारभाराच्या उतरंडीत आपल्या तालुक्याच्या जवळपासचा. क्षेत्रफळ सुमारे ७ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर. अख्खा महाराष्ट्र ३ लाख ८ हजारांचा. म्हणजे दोन महाराष्ट्र आत घालूनही जागा उरते. आणि माणसं? त्यांच्या २०१० च्या जनगणनेत सोळा हजारांच्या आसपास!

आता आमचा दौंड तालुका. मी खुटबावची. रेल्वेने पुण्याहून निघालात की यवत आणि केडगावच्या मध्ये आमचं स्टेशन लागतं. तालुक्याचं क्षेत्रफळ तेराशे चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि २०११ ची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८० हजार. तिकडे एका माणसाच्या वाट्याला जवळजवळ ४७ चौरस किलोमीटर येतात. इकडे एकाच चौरस किलोमीटरमध्ये तीनशेच्या घरात माणसं.

थंडी आणि गोठलेली जमीन हे तिकडचं कारण. पण आपल्याकडे तरी एवढी माणसं का टिकली? पाऊस म्हणाल तर नाहीच. वेल्ह्यात ढग धो धो कोसळतात आणि पूर्वेला येईपर्यंत रिकामे होतात. दौंड पर्जन्यछायेत येतं, वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी.

म्हणून दौंड समजून घ्यायचं तर पाणी कुठून येतं ते बघायचं. उत्तरेला भीमा. पलीकडे शिरूर, पुढे श्रीगोंदा. आमची हद्द म्हणजे ही नदीच. पुण्यातून मुळा-मुठा येते आणि आमच्याच तालुक्याच्या काठावर भीमेला मिळते. दक्षिणेकडून जातो खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा, जो पार इंदापूरपर्यंत पोचतो. नदी आणि कालवा यांच्या मधला पट्टा म्हणजे ऊस, गुऱ्हाळं, आणि उसात बिबट्या. सोलापूर रस्ता ओलांडून खोर, देऊळगाव गाड्याकडे चढलात की चित्र पालटतं. माळरान, मेंढ्या आणि खोरची अंजीरं. एकाच तालुक्यात दोन जगं, आणि दोघांचं भांडण एकच: आवर्तन कधी सुटणार?

हे पाणी स्वच्छ असतं असं मात्र समजू नका. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून आमच्याकडेच येतं, उन्हाळ्यात बंधाऱ्यांवर जलपर्णीचा हिरवा गालिचा दिसतो. पुण्याच्या तरुणांनो, तुम्ही सकाळी फ्लश केलेलं पाणी आमच्या उसाला लागतं, हे जरा लक्षात असू द्या.

दुसरं कारण रेल्वे. १८५० च्या दशकाच्या शेवटी, म्हणजे बोरघाटाची लाईन पूर्ण व्हायच्याही आधी, पुण्यापुढचे रूळ आमच्या बाजूला पडले. पुढे दौंडला मनमाडची लाईन आली, बारामतीची आली, जंक्शन झालं. तरीसुद्धा २०११ मध्ये दौंड शहरात पन्नास हजारांच्या आतच माणसं होती. बाकीचा तालुका गावात आणि वाड्या-वस्त्यांवर राहतो. आमच्याकडे ‘घर कुठंय?’ विचारलं तर गाव नाही, वस्ती सांगतात.

आता मुद्द्याचं. हे सगळे आकडे २०११ चे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. या काळात कुरकुंभच्या कारखान्यांत, नदीपलीकडे रांजणगावला, गुऱ्हाळांवर किती माणसं आली! गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातले कामगार सहकुटुंब राहतात. पण ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा पैसा वाटताना जुनीच लोकसंख्या धरली जाते. रेशनचंही तसंच. अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रात जास्तीत जास्त सात कोटी लोकांनाच धान्य मिळू शकतं, आणि ही मर्यादा २०११ च्या आकड्यांवर ठरलेली आहे. नवीन सून आली, मूल झालं, नाव चढवायला गेलं की ‘इष्टांक भरलाय’ हे उत्तर मिळतं, त्याचं मूळ इथे आहे.

पुढची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे, संदर्भाची तारीख १ मार्च. आता गंमत बघा. फेब्रुवारी म्हणजे गळीत हंगाम. बीड, अहिल्यानगरकडचे ऊसतोड मजूर तेव्हा आमच्या फडात, कोपीत असतात. जनगणनेचा नियम असा, की मोजणीच्या पूर्ण काळात माणूस घरी नसेल, तर तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे कोपीतलं कुटुंब कागदावर दौंडचं होणार आणि त्याच्या स्वतःच्या गावाचा आकडा तेवढा घटणार. मला हे बरोबर वाटत नाही, कारण शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी त्यांना उरलेले सहा महिने गावीच लागते. पण कोपीपर्यंत प्रगणक पोचलाच नाही तर ते कुठेच मोजले जाणार नाहीत, आणि ते तर त्याहून वाईट.

तुमच्या फडात, गुऱ्हाळावर, वीटभट्टीवर अशी कुटुंबं असतील तर एवढं करा: प्रगणक गावात येतील तेव्हा त्यांना सोबत घेऊन तिथपर्यंत जा. ते बहुतेक आपल्याच शाळेतले गुरुजी किंवा बाई असतील. कोपीपर्यंतची पायवाट त्यांना माहीत असेलच असं नाही.