खोक्यावर ५००० वॉट, पण प्लगमधून येतात किती?

रूमवर होम थिएटर जमवायचंय, बजेट तुटपुंजं आहे आणि दुकानात आकड्यांचा पाऊस पडतोय. अशा वेळी रिसिव्हर समोरून बघू नका, फिरवून त्याची पाठ बघा!

टीव्ही ४३ इंची झाला, ओटीटीचं सबस्क्रिप्शन चौघांत वाटून घेतलं, तरी पिक्चर बघताना रिमोट काही हातातून सुटत नाही. हो ना? डायलॉग ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा आणि फायटिंग सुरू झाली की शेजारचे काका दार वाजवायच्या आत कमी करायचा. टीव्ही पातळ होत गेले तसे त्यांचे स्पीकरही बारीक झाले, वर त्यांचं तोंड बहुतेक वेळा खाली नाहीतर मागे भिंतीकडे. मग कुणीतरी म्हणतं, होम थिएटर घेऊया. वर्गणी निघते आणि मोर्चा वळतो मुंबईत लॅमिंग्टन रोडकडे, पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांकडे.

तिथे पहिला प्रश्न येतो, ‘किती वॉटचा पाहिजे?’ गडबड इथूनच सुरू होते. कारण वर्गणीचे पैसे म्हणजे कुणाचा स्टायपेंड, कुणाचे मेसमधून वाचवलेले. ते एकदाच जमतात. त्यामुळे दुकानात जाण्याआधी थोडा गृहपाठ करून घ्या.

रिसिव्हर नक्की करतो काय?

नाव रिसिव्हर, कारण मुळात तो रेडिओ पकडणारा अ‍ॅम्प्लिफायर होता. आजही बहुतेकांत एफएम असतोच. पण घरच्या थिएटरमध्ये त्याची कामं तीन. टीव्हीकडून आलेला डिजिटल आवाज उलगडायचा, तो पाच स्पीकर आणि एका सबवूफरमध्ये वाटायचा आणि पाचही स्पीकरना ताकद द्यायची. ५.१ म्हणतात ते हेच. समोर डावा-उजवा, मध्ये सेंटर, बाजूला किंवा मागे दोन आणि ‘.१’ म्हणजे सबवूफर.

आपल्याकडे ‘होम थिएटर’ म्हणून जे स्वस्त सेट मिळतात, त्यांत अ‍ॅम्प वूफरच्याच डब्यात असतो. वाईट नाहीत, पण एक गोष्ट तपासा. मागे फक्त ब्लूटूथ, यूएसबी आणि ऑक्स असेल, तर टीव्हीचा आवाज आत जायला वाटा दोनच, डावी आणि उजवी. खोक्यावर ५.१ लिहिलेलं असलं, तरी पाच स्पीकर मिळून ते दोन चॅनलच वाजवतात. खरा ५.१ हवा, तर एचडीएमआय किंवा ऑप्टिकल इनपुट आणि डॉल्बी डिजिटलचा डिकोडर पाहिजे. दुसरी अडचण, अशा सेटमधला अ‍ॅम्प गेला की सगळाच सेट कोपऱ्यात. रिसिव्हर वेगळा असला की एकेक भाग बदलता येतो, विकता येतो.

वॉटचं गणित वहीत करा

आता तो ५००० वॉटचा आकडा. त्याच्यापुढे बारीक अक्षरात ‘पीएमपीओ’ असतं. हा आकडा कसा मोजायचा याचं कुठलंही ठरलेलं मानक नाही, त्यामुळे तो हवा तेवढा फुगवता येतो. आपल्या भिंतीतला साधा प्लग ६ अँपिअरचा, व्होल्टेज २३०. गुणाकार करा. १३८० वॉट. प्लगमधून सतत यापेक्षा जास्त येतच नाही, तर स्पीकरमधून ५००० कुठून निघणार?

म्हणून आरएमएस आकडा विचारा. त्यातही मेख आहे. बजेट रिसिव्हरच्या जाहिरातीतले शंभर-दीडशे वॉट बऱ्याचदा एकच चॅनल चालू ठेवून, ६ ओहमवर आणि १० टक्के डिस्टॉर्शन, म्हणजे फाटलेला आवाज, चालवून घेऊन मोजलेले असतात. खरी तुलना करायची तर २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम, दोन चॅनल चालू आणि ०.१ टक्क्यापेक्षा कमी डिस्टॉर्शन, ही ओळ शोधा. तिथे तोच रिसिव्हर सत्तरवर आलेला दिसेल.

पण घाबरू नका, सत्तर पुष्कळ झाले. ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरला एक वॉट दिला, तर एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज मिळतो. अडीच मीटरवर बसलात तरी साधारण ८०. आपलं नेहमीचं बोलणं असतं ६०च्या आसपास. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत बराचसा पिक्चर एखाद-दोन वॉटमध्येच उरकतो, बाकीची ताकद लागते ती स्फोटाच्या क्षणाला. ७० वॉटवरून १०० वर गेलात, तर फरक पडतो जेमतेम दीड डेसिबलचा. त्यासाठी चार-पाच हजार जास्त मोजायचे का? ते स्पीकरवर घाला. आवाजाचा पोत स्पीकर ठरवतो.

जुना घ्यायचा? मग ही युक्ती

नवा ब्रँडेड रिसिव्हर घेतला, तर विद्यार्थ्यांचं बजेट बहुतेक त्यातच संपतं. म्हणून सेकंडहँड बघाच. ४के व्हिडिओ पुढे जात नाही म्हणून लोक जुने रिसिव्हर काढून टाकतात. तुम्हाला त्याचं काय? स्टिक किंवा सेट-टॉप बॉक्स थेट टीव्हीला लावा. चित्र टीव्हीतच राहील. आवाज तेवढा टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टमधून उलटा रिसिव्हरकडे जाईल. एआरसी २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलं, त्यामुळे त्यानंतरच्या बऱ्याच रिसिव्हरमध्ये ते सापडतं. नसेल तर ऑप्टिकल केबल. तिच्यातून साधा डॉल्बी डिजिटल ५.१ आरामात जातो.

आणि अ‍ॅटमॉस? ऑप्टिकलमधून ते जात नाही, एआरसीतून ओटीटीचं अ‍ॅटमॉस जाऊ शकतं. पण त्यासाठी छताकडून आवाज देणारे स्पीकरही लागतात. भाड्याच्या खोलीत छताला भोकं पाडलीत, तर डिपॉझिट विसरा. पहिल्या खेपेला अ‍ॅटमॉस सोडून द्या.

सेकंडहँड घेताना सगळ्यात आधी मागची पट्टी वाचा. ‘एसी १२० व्होल्ट’ दिसलं, तर तो अमेरिकेतून आलेला. १०० व्होल्ट असेल तर जपानचा. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला थेट लावला, की धूर! कुणाच्या मामांनी ‘फुकट घेऊन जा’ म्हटलं, तरी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरची किंमत आणि त्याचं वजन आधी धरा.

मग स्वतःचा एक स्पीकर घेऊन जा आणि तो पाचही जागी आळीपाळीने लावून टेस्ट टोन ऐका. एचडीएमआयचं प्रत्येक पोर्ट चालवून बघा. आवाजाचा नॉब फिरवताना खरखर येते का? अर्धा तास चालू ठेवल्यावर आपोआप बंद पडतो का? सेटिंग करणारा छोटा माइक आणि रिमोट सोबत आहेत का? तो माइक खोलीत ठेवला की प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि आवाज रिसिव्हर स्वतः जुळवतो. डेनॉनमध्ये त्याला ऑडिसी म्हणतात, यामाहामध्ये वायपीएओ.

पाच नको, आधी दोन

कमी पैशांत पाच डबडी स्पीकर घेण्यापेक्षा दोन बरे बुकशेल्फ स्पीकर घ्या. पुढच्या सेमिस्टरला सेंटर, मग सबवूफर, मागचे दोन सगळ्यात शेवटी. रिसिव्हरला मात्र सेटिंगमध्ये ‘सेंटर नाही, सराउंड नाही’ असं सांगायला विसरू नका. नाहीतर तो डायलॉग नसलेल्या सेंटर स्पीकरकडे पाठवत बसेल आणि तुम्ही म्हणाल, पिक्चर मुका झाला!

जुन्या होम थिएटर सेटचे स्पीकर फुकट मिळतात म्हणून जोडू नका. त्यांतले बरेच ३ ओहमचे असतात. रिसिव्हरच्या पाठीवर किमान ६ ओहम लिहिलेलं असेल, तर कमी ओहमचा स्पीकर जास्त करंट ओढतो, डबा तापतो आणि बंद पडतो. तसंच त्या सेटचा वूफर साध्या वायरवर चालणारा असेल, तर तो रिसिव्हरच्या सबवूफर आउटला वाजणार नाही. तिथे स्वतःचा अ‍ॅम्प असलेला, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह सबवूफर लागतो.

महागड्या स्पीकर केबलचीही गरज नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातली तांब्याची दीड एमएमची वायर एवढ्या खोलीला पुरते. फक्त लाल-काळं उलटं जोडू नका. आणि रिसिव्हरवर विणलेलं कव्हर घालून त्याला शोकेसमध्ये कोंडू नका. त्याला वरून हवा लागते.

मुळात लागतोय का?

हेही विचारा. लॅपटॉपवर एकटेच बघता? मग चांगला हेडफोन पुरे. सहा महिन्यांत रूम सोडायचीय, फक्त डायलॉग स्पष्ट हवेत? एआरसीवाला साधा साउंडबार बघा. पण चौघं मिळून बघता, गाणीही ऐकता आणि हळूहळू वाढवायची तयारी आहे, तर रिसिव्हरसारखी गोष्ट नाही. कोर्स संपल्यावर एक जण रिसिव्हर घेईल, दुसरा स्पीकर. बंद डब्यातल्या सेटची अशी वाटणी होत नाही.

दुकानात जाताना खिशात ठेवा

- व्होल्टेज २३० आहे ना?
- ८ ओहमवर, दोन चॅनल चालू असताना वॉट किती?
- एआरसी किंवा ऑप्टिकल आहे?
- स्पीकरचे ओहम रिसिव्हरला चालतात?
- ‘नाइट’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’चं सेटिंग आहे? मोठे आवाज दबतात, डायलॉग वर येतात. रात्री बारानंतर शेजारच्या काकांशी संबंध टिकवायला याचा उपयोग होतो.