‘गॅप पडलाय, आता कोण घेणार?’

जून लागला की सोलापुरात कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्यांकडे गर्दी होते. परवा माझ्यापुढे एक बाई आणि त्यांचा मुलगा उभे होते. टायपिंगवाल्याने फारसं न विचारताच शिक्षणातल्या गॅपच्या प्रतिज्ञापत्राचा तयार नमुना उघडला, त्यात नाव घातलं, वर्ष बदललं. तेवढ्या वेळात त्या माउलीने मला तीनदा विचारलं, ‘‘सर, गॅप पडलाय. आता कुठं घेतील का हो?’’

इतकी वर्षं शिकवतोय, पण हे वाक्य ऐकलं नाही असा एक जून गेला नाही. अहो, गॅपवाल्याला प्रवेशच नसता तर हा नमुना कुणी कशाला तयार करून ठेवला असता? मधलं वर्ष कुठे गेलं एवढंच कॉलेजला कागदावर हवं असतं. एमएचटी-सीईटीला कमाल वयाची अट नाही. नीटला होती, ती 2022 मध्ये काढली. तरी घरोघरी गॅप म्हणजे नापास, असंच धरून चालतात. वर्षभर बसून केटी, म्हणजे राहिलेले विषय, न सुटल्याने वायडी लागणं, म्हणजे पुढच्या वर्गात जाता न येणं, वेगळं आणि नाव काढून घेऊन वर्षभर थांबणं वेगळं. मुलीचा गॅप असला तर विचारूच नका. तिचा फॉर्म भरायच्या आधी स्थळं यायला लागतात.

गॅप सगळीकडे चालतो असं मात्र मी म्हणणार नाही. जेईई मेनला बारावीचं चालू वर्ष आणि त्याआधीची दोन वर्षं, एवढ्यांनाच बसता येतं. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या अटींत अभ्यासक्रमाच्या काळात दोन वर्षं किंवा जास्त खंड नसावा, असं आहे. टीसीएसच्या फ्रेशर भरतीत शिक्षणातला एकूण गॅप 24 महिन्यांच्या आत लागतो. एका वर्षाने यातलं काहीच आपोआप हातचं जात नाही. दुसरं वर्षही तसंच गेलं, की मग एकेक जायला लागतं.

कॉलेज बदलणाऱ्यांचा घोटाळा भलतीकडेच होतो. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन शिकायचं म्हणजे नुसतं कॉलेज बदलत नाही, विद्यापीठ बदलतं. आपलं सोलापूर विद्यापीठ 2004 मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून वेगळं झालं आणि त्याचा कारभार या एका जिल्ह्यापुरता. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलं की टीसीबरोबर, म्हणजे कॉलेज सोडल्याच्या दाखल्याबरोबर, मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं, पात्रता तपासली जाते, विषय जुळवून पाहतात. थेट दुसऱ्या वर्षाला जायचं तर तिथे जागाही रिकामी हवी. त्यात राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला. जुन्या पॅटर्नमध्ये पहिलं वर्ष करून थांबलेल्या मुलाला आता नव्या पॅटर्नच्या दुसऱ्या वर्षात बसवायचं, तर समकक्षतेचा प्रश्न येतोच. थांबायचं की नाही हे ठरवण्याआधी जिथे जायचंय तिथल्या ऑफिसात जाऊन विचारा, ‘माझे कोणते पेपर धराल?’ शेजारच्या काकांना हे ठाऊक नसतं.

‘सोडलं की केलेलं सगळं बाद’ हेही खरं नाही. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त 7 वर्षं टिकतात. नव्या रचनेत पहिल्या वर्षाचे 40 क्रेडिट आणि उन्हाळ्यात 4 क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केला, तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. तीन वर्षांच्या आत परत येऊन पदवी पुरी करायची मुभा असते. अर्थात क्रेडिट खात्यात असले म्हणजे नव्या कॉलेजात जागा ठेवलेली असते, असं नाही.

‘फी बुडालीच समजा’ हेही अर्धंच खरं. यूजीसीच्या ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेत प्रवेशाची शेवटची तारीख उलटल्यावरही पहिल्या 15 दिवसांत 80 टक्के आणि 30 दिवसांपर्यंत 50 टक्के फी परत करायला सांगितलंय. त्यानंतर शून्य. दिवाळीपर्यंत ‘बघू, बघू’ करणाऱ्यांची बुडते ती यामुळे. ‘कॉलेज मूळ मार्कलिस्ट अडकवून ठेवतं’ ही भीतीही असते, पण मूळ कागद ठेवून घ्यायला त्याच अधिसूचनेत मनाई आहे.

तर, त्या मुलाचा कागद छापून आला. नमुन्यात ओळ होती, ‘सदर कालावधीत मी कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही.’ मी सहज विचारलं, ‘‘बारावीनंतर घरीच होतास?’’

‘‘नाही सर, बीएस्सीला होतो. दिवाळीनंतर गेलोच नाही.’’

‘‘नाव काढलंस? टीसी?’’

मुलगा आईकडे बघायला लागला. टीसी त्या कॉलेजातच होती आणि हजेरीपटावर नावही तसंच असणार. म्हणजे गॅप साधा होता, पण शपथेवर लिहून द्यायला निघाला होता ते धडधडीत खोटं. ते उघडकीला आलं असतं तर मिळालेला प्रवेशही गेला असता.

‘‘ती ओळ बदला,’’ मी टायपिंगवाल्याला म्हटलं.

‘‘सर, नमुना असाच आहे. सगळे हाच नेतात.’’

शेवटी त्याने कुरकुरत ती ओळ खोडली. तिच्या जागी प्रवेश घेतल्याचं वर्ष आणि कॉलेजचं नाव टाकलं. सोडल्याची तारीख काही मुलाला सांगता येईना. ती जागा मोकळी ठेवून मायलेक आधी टीसी आणायला रिक्षात बसले.