तालीम एक, भाषा दोन

जर्मन आणि रशियन रंगभूमीच्या देवाणघेवाणीची गोष्ट बहुतेकजण जर्मन नाटककार ब्रेख्तपासून सुरू करतात. खरे तर ती माइनिंगेन या छोट्या जर्मन संस्थानातून सुरू होते. तिथला ड्यूक जॉर्ज दुसरा याची नाटकमंडळी १८८५ आणि १८९० मध्ये रशियात गेली. रंगमंचावरचा जमाव जिवंत कसा करायचा, हे मॉस्कोने तेव्हा पाहिले. दुसऱ्या दौऱ्याचे प्रयोग तरुण रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कीने झपाटल्यासारखे पाहिले. मंडळीचा दिग्दर्शक क्रोनेक याचा कडक अंमलही त्याने उचलला. नटांवरची ही हुकूमशाही घातक होती, हे त्यानेच पुढे आत्मचरित्रात नोंदवले. १९०६ मध्ये त्याचे मॉस्को आर्ट थिएटर बर्लिनला गेले, तेव्हा शिकवणारे आणि शिकणारे यांच्या जागा बदलल्या होत्या.

पण दौऱ्यात पाहुण्यांना तयार नाटकच दिसते. ते घडते तालमीत, आणि दोन रंगभूमींचे खरे सहकार्य मी तिथेच मोजतो.

त्या वाटेवर १९३० चे दशक आशेने सुरू झाले. पु. ल. देशपांड्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’तून मराठीत आणलेले ब्रेख्तचे नाटक रशियन दिग्दर्शक तैरोवने १९३० मध्येच मॉस्कोत केले. जर्मन दिग्दर्शक पिस्काटर १९३१ मध्ये सोव्हिएत संघात कामाला गेला. हिटलर सत्तेवर आल्यावर अनेक जर्मन कलावंतांनी तिथे आसरा घेतला. त्या आसऱ्याचे काय झाले, हे वाचताना आजही जीव गलबलतो. ब्रेख्तची नाटके रशियनमध्ये नेणाऱ्या त्रेत्याकोव्हला १९३७ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. ब्रेख्तची आवडती अभिनेत्री कारोला नेहेर १९४२ मध्ये सोव्हिएत तुरुंगात वारली. १९३० मध्ये आपली मंडळी बर्लिनला नेणाऱ्या रशियन दिग्दर्शक मेयरहोल्डला १९४० मध्ये ठार मारले गेले.

ब्रेख्तच्या मृत्यूनंतर, १९५७ मध्ये, त्याची नाट्यसंस्था बर्लिनर आन्साम्बल मॉस्कोत आली. १९६४ मध्ये मॉस्कोतले ल्युबिमोवचे तागान्का थिएटर ब्रेख्तच्याच ‘सेझुआनचा भला माणूस’ने सुरू झाले.

माझ्या लेखी या साऱ्या प्रवासाचे शिखर म्हणजे पीटर स्टाइनने १९९४ मध्ये मॉस्कोत केलेले ‘ओरेस्टिया’. हेच नाटक त्याने १९८० मध्ये बर्लिनच्या शाउब्यूने थिएटरात केले होते. आता दिग्दर्शक जर्मन, नट रशियन, आणि प्रयोग दिवसभर चालणारा. ऑरेस्टिसच्या भूमिकेत येव्गेनी मिरोनोव होता. सूडाची साखळी तोडून न्यायालय कसे जन्माला येते, हे एस्किलसच्या त्रयीचे सूत्र. मॉस्कोच्या रस्त्यांवर रणगाडे येऊन संसदेवर तोफा डागल्या गेल्या, त्याला तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. मतदानाने खुनाचा निवाडा होतो, हे दृश्य त्या प्रेक्षकांना पुराणकथा वाटणे शक्यच नव्हते. स्टाइनने हे नाटक तिथे, त्या नटांबरोबर करणे, ही माझ्या मते मोठी राजकीय कृती होती.

रशियन दिग्दर्शक किरील सेरेब्रेन्निकोवची कहाणी याच्या उलट्या दिशेने जाते. २०१७ मध्ये तो मॉस्कोत नजरकैदेत होता, म्हणून श्टुटगार्टचा ‘हान्सेल आणि ग्रेटेल’ हा ऑपेरा त्याच्याविना, अपुराच सादर झाला. जानेवारी २०२२ मध्ये परदेशी जायची परवानगी मिळाल्यावर तो हॅम्बुर्गच्या थालिया थिएटरात पोचला आणि चेखवच्या ‘काळा भिक्षू’ या कथेवर नाटक उभे केले. जर्मन, रशियन आणि इंग्रजी एकाच प्रयोगात. तेच कथानक वेगवेगळ्या पात्रांच्या नजरेतून पुन्हापुन्हा. सुमारे महिन्याभराने रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. त्याच वर्षी त्याचे मॉस्कोतले गोगोल सेंटर बंद झाले. पुढची बरीच नाटके त्याने जर्मनीत केली.